हृदय, स्नायू आणि एक बिशप

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात मुलगी जन्मली. स्नानसंस्कार थाटाने करायचा, मामा परदेशातून आल्यावर करायचा, असा घरच्यांचा बेत होता. परंतु तिसऱ्याच आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास मला बोलावणे आले. बाळाचे ओठ आणि नखे जांभळी पडली होती. श्वास लागला होता. घरातल्याच वाटीतील पाण्याने मी तिचा स्नानसंस्कार केला आणि तिला घेऊन गाडी मुंबईच्या दिशेने निघाली. दुसऱ्या दिवशी निदान कळले. डॉक्टरांच्या कागदावर ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ असे लिहिले होते. घरी मात्र सर्वजण एवढेच म्हणत राहिले, की पोरीच्या हृदयाला भोक आहे.

तिची आजी मला म्हणाली, “फादर, काळजालाच भोक असलं, तर देव तिथं राहील कसा?”

मी काहीतरी उत्तर दिले. धर्मगुरूला अशा वेळी काहीतरी बोलावेच लागते. त्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. घरी परतताना मला आठवण झाली ती एका डॅनिश बिशपांची. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले, तेव्हा प्रस्तुत लेखक नुकताच सेमिनरीत दाखल झाला होता. त्यांचे नाव निल्स स्टेनसेन. लॅटिन ग्रंथांत ते निकोलाउस स्टेनो या नावाने ओळखले जातात. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी त्यांना आपल्या शास्त्राच्या जनकांपैकी एक मानतात. पण त्या रात्री मला ते आठवले त्याचे कारण निराळे होते. हृदय म्हणजे केवळ एक स्नायू आहे, हे ज्यांनी सुरी हातात घेऊन सिद्ध केले, ते हेच. आणि आमच्या धर्मग्रामातील त्या तान्हुलीला जो विकार होता, त्याचे पहिले वर्णनही त्यांनीच लिहून ठेवले आहे.

आजीबाईंनी ‘काळीज’ हा शब्द वापरला, तो काही उगाच नव्हे. आपल्या भाषेत काळीज म्हणजे हृदयही आणि यकृतही. खाटकाकडे मिळते ती कलेजी यकृताची. पण काळीज तुटते, काळजाला घर पडते, ते मात्र हृदयाच्या अर्थाने. मराठी बायबलमध्ये आपण बहुधा ‘अंतःकरण’ म्हणतो. नेमका कोणता अवयव, हा प्रश्न भाषेने कधी फारसा मनावर घेतला नाही. युरोपातील वैद्यकानेही तो दीड हजार वर्षे सरधोपटपणेच सोडवला होता. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या मते रक्त यकृतात तयार होई, नीलांमधून शरीरभर पसरे आणि तेथेच खर्ची पडे. हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून थोडे रक्त डावीकडे झिरपते आणि तेथे त्याला प्राणतत्त्व मिळते, असे तो मानी. हृदय हा स्नायू आहे ही कल्पना त्याला मान्य नव्हती. स्नायू आपल्या इच्छेने हालतात, हृदय इच्छेला जुमानत नाही, हा त्याचा एक युक्तिवाद. गंमत अशी, की हिप्पोक्रातेसच्या परंपरेतील एका जुन्या ग्रंथात हृदयाला बलवान स्नायू म्हटले होते. ते गॅलेनच्या दबदब्यापुढे विसरले गेले.

या मताला तडे गेले ते मुख्यतः विद्यापीठांत. त्यातही पादुआचे विद्यापीठ अग्रेसर होते. १५४३ साली आपला महाग्रंथ प्रसिद्ध करणारे व्हेसालियस तेथले. नीलांमधील झडपांचे वर्णन करणारे फाब्रिसियस तेथले. आणि १६०२ साली तेथूनच पदवी घेऊन परतलेला इंग्रज विद्यार्थी म्हणजे विल्यम हार्वे. हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. त्यांचा युक्तिवाद साध्या हिशेबाचा होता. प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारे रक्त मोजा, त्याला अर्ध्या तासातील ठोक्यांनी गुणा. सबंध शरीरात मावणार नाही एवढे रक्त होते. तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे. रोहिण्या आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या हार्वे यांना दिसल्या नव्हत्या. १६६१ साली बोलोन्याच्या मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या.

जाता जाता एका दुःखद प्रकरणाचा उल्लेख करणे मला कर्तव्य वाटते. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, हे हार्वे यांच्या आधी स्पॅनिश वैद्य मिगेल सर्व्हेतुस याने लिहिले होते, तेही एका धर्मशास्त्रीय ग्रंथात. त्याच्याही आधी तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीस यांनी तेच सांगितले होते. सर्व्हेतुसला १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. हृदयाविषयीच्या मतासाठी नव्हे, त्रैक्याविषयीच्या मतासाठी. जिनिव्हा प्रॉटेस्टंटांचे, म्हणून आपण कॅथलिकांनी हात झटकण्याचे कारण नाही. त्याच वर्षी तो कॅथलिक न्यायासनाच्या कैदेतून निसटला होता आणि तेथे त्याचा पुतळा जाळण्यात आला होता.

स्टेनसेन यांचा जन्म १६३८च्या जानेवारीत कोपनहेगन येथे झाला. वडील सोनार, राजाच्या पदरी काम करीत. घराणे लुथेरन. बालपण आजारपणात गेले आणि वडिलांचे छत्र लवकर हरपले. १६५४च्या प्लेगमध्ये त्यांच्या शाळेतील शेकडो मुले दगावली. पुढे कोपनहेगनच्या विद्यापीठात ते टोमास बार्तोलिन या नामांकित शरीरशास्त्रज्ञांचे शिष्य झाले. पण स्वीडिश सैन्याने शहराला वेढा घातला आणि शिक्षण विस्कळीत झाले. १६६० साली ते हॉलंडला गेले. तेथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना गालातील लाळग्रंथीची नलिका त्यांना सापडली. ज्यांच्या घरी ते उतरले होते त्या गुरूंनी हा शोध आपलाच असल्याचा दावा केला. वाद झाला. आज ती नलिका स्टेनसेन यांच्याच नावाने ओळखली जाते.

लायडन विद्यापीठात त्यांना खरा सूर गवसला. त्या काळी लायडन हे युरोपातील वैद्यकशिक्षणाचे माहेरघर होऊ लागले होते. प्राध्यापक सिल्व्हियस यांच्यासारखा गुरू, स्वामरडाम यांच्यासारखा मित्र आणि जवळच राहणारे तत्त्वज्ञ स्पिनोझा यांची ओळख. सर्व तरुण मंडळी देकार्त यांच्या विचारांनी भारलेली होती. देकार्त यांचे हृदयाविषयीचे मत असे, की हृदय ही एक प्रकारची चूल आहे. त्यात शिरलेला रक्ताचा थेंब उष्णतेने एकदम फुगतो आणि बाहेर उसळतो. शरीर म्हणजे यंत्र; यंत्राला ऊर्जा हवी; ती ही. या मांडणीत दोष एकच होता. ती लिहिताना हृदय समोर ठेवून, त्याचे पदर उलगडून पाहिलेले नव्हते.

स्टेनसेन यांनी ते पाहिले. उकडलेल्या हृदयावरचे पातळ आवरण त्यांनी सोडवले आणि हाताला लागलेल्या तंतूचा माग घेत ते खाली टोकापर्यंत गेले. तंतू तेथे वळून पुन्हा वर चढला होता. असे अनेक तंतू. प्रत्येकाच्या टोकांना कंडरेसारखा भाग, मध्ये मांस. दंड-मांडीच्या स्नायूत जे असते तेच येथे होते. रोहिण्या, नीला, मज्जातंतू, मांसतंतू आणि आवरणे यांखेरीज हृदयात दुसरे काही नव्हते. स्नायूत असते ते सर्व हृदयात आहे आणि हृदयात असे काही नाही जे स्नायूत नाही. मग हृदय स्नायू नव्हे तर दुसरे काय? १६६२ आणि १६६३च्या पत्रांत त्यांनी हे बार्तोलिन यांना कळवले आणि १६६४ साली स्नायू व ग्रंथी यांवरील छोट्या ग्रंथात ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लायडन विद्यापीठाने त्यांना वैद्यकातील डॉक्टरेट दिली. वय अवघे सव्वीस.

चूल नाही, प्राणतत्त्वाचा कारखाना नाही, आत्म्याचे सिंहासन नाही. केवळ एक स्नायू. हे ऐकून भाविक मनाला धक्का बसावा असे आपल्याला वाटते. अनेकांना तो बसलाही असेल. परंतु स्टेनसेन यांच्या बाबतीत जे घडले ते नेमके उलटे होते आणि या लेखाचे प्रयोजनच मुळी ते आहे.

पुढे बिशप झाल्यावर १६७७ साली त्यांनी तत्त्वज्ञ लायब्नित्स यांना पत्र लिहिले आणि त्यात आपल्या आयुष्याला मिळालेल्या वळणाचा खुलासा केला. त्याचा आशय असा: लायडनमधील मित्रांच्या सहवासात आपण देकार्तच्या आणि तत्सम विचारवंतांच्या मतांकडे ओढले गेलो होतो. या मंडळींची सिद्धता निर्विवाद, असे सारे विद्वान मानीत होते. मग आपण हृदय उघडून पाहिले. दहा वर्षांचे पोरही तासाभरात उलगडून दाखवील, एवढी साधी गोष्ट या थोरांनी सपशेल चुकवली होती. ज्यांना डोळ्यांना दिसणाऱ्या हृदयाविषयी नीट सांगता आले नाही, त्यांनी न दिसणाऱ्या देवाविषयी आणि आत्म्याविषयी दिलेले निर्णय आपण का म्हणून डोळे झाकून स्वीकारावेत?

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. हृदयातून आत्म्याची हकालपट्टी केल्यामुळे त्यांची श्रद्धा गेली नाही. उलट श्रद्धेच्या वाटेतील एक अडसर त्यामुळेच दूर झाला. विद्वानांच्या खात्रीवरचा त्यांचा विश्वास उडाला. आम्हा धर्मगुरूंनाही यात एक कानपिचकी आहे, हे कबूल केले पाहिजे. न पाहता ठाम बोलण्याची सवय काही केवळ तत्त्वज्ञांनाच असते असे नाही.

त्यानंतर ते पॅरिसला गेले. तेथे १६६५ साली त्यांनी मेंदूविषयी एक प्रसिद्ध व्याख्यान दिले. त्याची सुरुवातच मुळी मेंदूविषयी आपल्याला काही ठाऊक नाही, या कबुलीने होते. याच मुक्कामात त्यांच्यापुढे एक मृत गर्भ विच्छेदनासाठी आला. ओठ दुभंगलेला, बोटे जुळलेली, पोटातील अवयव उघडे. लोक अशा गर्भाला राक्षसी म्हणत; कोणाच्या तरी पापाचे फळ म्हणत. बघे जमत आणि निघून जात. स्टेनसेन यांनी त्याचे हृदय उघडले. फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी असावी त्यापेक्षा फारच अरुंद होती. दोन जवनिकांमधील पडद्यात भोक होते. महारोहिणी केवळ डाव्या जवनिकेतून न निघता त्या भोकावर स्वार झाल्यासारखी दोन्ही बाजूंकडून रक्त घेत होती. गर्भाशयात फुप्फुसांचे काम चालू नसते. त्यामुळे तेथे या रचनेने अडत नाही, रक्त महारोहिणीत पोहोचतेच, असे स्पष्टीकरणही त्यांनी दिले. बार्तोलिन चालवीत असलेल्या कोपनहेगनच्या नियतकालिकाच्या १६७३ साली निघालेल्या खंडात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मोजकीच पाने. त्यात पापाचा उल्लेख नाही, शापाचा नाही. कुठून काय निघते आणि कुठे जाते, एवढेच आहे.

१६६६ साली स्टेनसेन फ्लॉरेन्सला आले. मेदिची घराण्याचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड त्यांचा आश्रयदाता झाला. तेथे त्यांनी एका अजस्र शार्कचे डोके कापले, त्याच्या दातांवरून डोंगरातील जीवाश्मांचा उलगडा केला आणि खडकांच्या थरांचा इतिहास वाचण्याचे नियम घालून दिले. त्या सर्व कथेला येथे जागा नाही. लिव्होर्नो शहरात ख्रिस्तशरीर सणाची मिरवणूक त्यांनी पाहिली. संपूर्ण शहर एका भाकरीपुढे गुडघे टेकत होते. एक तर हे सारे वेडे आहेत, किंवा आपल्याला काही कळलेले नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. फ्लॉरेन्समधील एका मठाच्या औषधालयाची व्यवस्था पाहणारी व्रतस्थ भगिनी मारिया फ्लाव्हिया आणि लाव्हिनिया अर्नोल्फिनी नावाची एक सुशील गृहिणी या दोघींशी त्यांची अनेक संभाषणे झाली. ग्रंथांचाही त्यांनी कसून अभ्यास केला. १६६७च्या २ नोव्हेंबर रोजी, मृतांच्या स्मरणदिनी, त्यांचा निश्चय झाला आणि ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले.

नंतर राजाच्या निमंत्रणावरून ते काही काळ कोपनहेगनला परतले. १६७३ साली तेथील शरीरशास्त्राच्या रंगमंदिरात त्यांनी जाहीर विच्छेदन केले आणि प्रारंभीच्या भाषणात जे कळते त्यापेक्षा जे कळत नाही ते अधिक सुंदर असल्याचे सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथील मठात मार्गारेट मेरी अलाकोक या भगिनीला येशूच्या पवित्र हृदयाचे पहिले दर्शन झाले. दोघांची कधी भेट झाली नाही. परंतु आपल्या घराघरांतील देव्हाऱ्यावर ज्या पवित्र हृदयाची तसबीर असते, त्याची भक्ती आणि हृदय हा स्नायू असल्याचे ज्ञान ही दोन्ही जवळजवळ एकाच दशकाची लेकरे आहेत. २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी पवित्र हृदयावर परिपत्रक काढले, तेव्हा मला या योगायोगाची पुन्हा आठवण झाली.

१६७५ साली स्टेनसेन यांना फ्लॉरेन्समध्ये गुरुदीक्षा मिळाली. दोन वर्षांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. दीक्षा देणारे होते पादुआचे बिशप कार्डिनल ग्रेगोरिओ बार्बारिगो, आजचे संत. नेमणूक झाली उत्तर जर्मनीत, विखुरलेल्या मूठभर कॅथलिकांमध्ये. तेथे त्यांनी सुरी पुन्हा हाती घेतली नाही असे नाही, पण संशोधन संपले ते संपलेच. गरिबांसाठी त्यांनी बिशपपदाची अंगठी आणि क्रूस विकला. म्युन्स्टरच्या बिशपपदाची निवडणूक पैशांच्या देवघेवीने झाली म्हणून निषेध करून ते तेथून निघून गेले. जुना झगा, उपास आणि पायपीट. १६८६च्या डिसेंबरात पोटातील असह्य वेदनांनी श्वेरिन येथे त्यांचा अंत झाला. वय अठ्ठेचाळीस. शव फ्लॉरेन्सला नेण्यात आले. सॅन लोरेन्झोच्या मंदिरात त्यांची समाधी आहे.

लायब्नित्स यांना याची खंत वाटली. एका थोर निसर्गशास्त्रज्ञाचा बेताचा धर्मपंडित झाला, असा त्यांच्या अभिप्रायाचा सूर होता. आपल्या मंडळींना हे वाक्य बोचते आणि आपण ते टाळून पुढे जातो. मला ते टाळावेसे वाटत नाही. स्टेनसेन यांचे वादग्रंथ आज कोणी वाचत नाही आणि त्यांच्या हृदयविषयक पानांना मात्र वैद्यकाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. त्यांनी आणखी वीस वर्षे विच्छेदन केले असते तर काय सापडले असते, हा प्रश्न प्रामाणिक आहे. ते आळशी नव्हते, भित्रे नव्हते. त्यांनी निवड केली. ज्या गरिबांना त्यांनी अंगठी विकून भाकरी दिली, त्यांची नावे कोणत्याही नियतकालिकात छापलेली नाहीत. या दोन गोष्टी तागडीत टाकून तोलण्याचे वजन माझ्याजवळ नाही.

आता त्या मोजक्या पानांचे पुढे काय झाले ते पाहू. बराच काळ काहीच झाले नाही. १७७७ साली लायडन विद्यापीठाचेच प्राध्यापक सांडिफोर्ट यांनी ‘निळ्या’ मुलाच्या हृदयात तेच दोष पाहून लिहून ठेवले. १८८८ साली मार्सेयच्या आर्तूर फालो यांनी अशा अनेक रुग्णांचा अभ्यास करून चार दोष नेहमी एकत्र येतात असे दाखवले: अरुंद फुप्फुसरोहिणी, पडद्यातील भोक, भोकावर स्वार झालेली महारोहिणी आणि जाड झालेली उजवी जवनिका. म्हणून चतुर्विकृती. आमच्याकडचे डॉक्टर ‘फॅलो’ म्हणतात, फ्रेंच उच्चार ‘फालो’. विकाराला त्यांचे नाव जोडले ते १९२४ साली मॉड ॲबट या विदुषीने. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाने त्यांना स्त्री म्हणून वैद्यकाला प्रवेश नाकारला होता. दुसऱ्या संस्थेतून डॉक्टर होऊन त्या मॅकगिलच्याच वैद्यकीय संग्रहालयाच्या व्यवस्थापक झाल्या आणि बाटल्यांत ठेवलेली सदोष हृदये एकेक करून अभ्यासत राहिल्या. १९३६ साली त्यांनी जन्मजात हृदयविकारांच्या १००० रुग्णांचा आढावा घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला.

पण बाळे मरतच होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेलन टाउसिग या बालरोगतज्ज्ञ अशा मुलांवर उपचार करीत होत्या. त्यांना ऐकू कमी येई. म्हणून बाळाच्या छातीवर हात ठेवून त्या हृदय ‘ऐकत’. त्यांच्या लक्षात आले, की गर्भावस्थेत महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांना जोडणारी जी नलिका जन्मानंतर मिटते, ती उघडी राहिलेली मुले बरी असतात. मिटली की निळी पडतात. मग तशी वाट कृत्रिमपणे का करू नये? हा प्रश्न घेऊन त्या शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्याकडे गेल्या.

ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ काम करीत. मूळचे सुतार. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे महामंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. १९३० साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात ते ब्लेलॉक यांच्या हाताखाली लागले. काम संशोधन-साहाय्यकाचे, पण कागदोपत्री हुद्दा झाडूवाल्याचा. सदोष हृदयाची स्थिती आधी कुत्र्यांमध्ये निर्माण करायची आणि मग हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसरोहिणीला जोडून ती दुरुस्त करायची, हे काम सुमारे दोन वर्षे आणि सुमारे दोनशे कुत्र्यांवर मुख्यतः थॉमस यांनी केले. १९४४च्या २९ नोव्हेंबरला पहिली शस्त्रक्रिया झाली. मुलगी पंधरा महिन्यांची, वजन चार किलोंच्या आसपास. ब्लेलॉक यांनी ती जोडणी स्वतः फारशी केली नव्हती. म्हणून थॉमस त्यांच्या पाठीमागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. ती मुलगी सुधारली. पण काही महिन्यांनी दगावली. तिसऱ्या शस्त्रक्रियेत एका सहा वर्षांच्या मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. १९४५च्या मे महिन्यात निबंध प्रसिद्ध झाला. लेखक दोन, ब्लेलॉक आणि टाउसिग. थॉमस यांचे नाव लेखकांत नव्हते. विद्यापीठाने १९७१ साली त्यांचे तैलचित्र लावले आणि १९७६ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली.

ही वाट तात्पुरती होती. भोक बुजवून हृदय पूर्ववत करण्याचा मान मिनेसोटा विद्यापीठाच्या लिलेहाय यांच्याकडे जातो. हृदय उघडायचे तर रक्त तेवढा वेळ कोणीतरी खेळते ठेवले पाहिजे. १९५४ साली त्यांनी धाडसी उपाय योजला. मुलाच्या शेजारच्या टेबलावर बाप किंवा आई निजे आणि मुलाचे रक्त नळ्यांवाटे त्यांच्या शरीरातून फिरवून शुद्ध करून परत आणले जाई. दोन जीव एका हृदयावर. पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या; अठ्ठावीस मुले बरी होऊन घरी गेली. १९५४च्या ३१ ऑगस्टला फालोच्या विकाराची पहिली संपूर्ण दुरुस्ती याच रीतीने झाली. त्या मुलाचा रक्तगट दुर्मिळ होता, आईबापांचा जुळला नाही. शेजारी निजायला जो आला तो परका माणूस होता. पुढे हृदय-फुप्फुस यंत्रे आली आणि माणसाला असे निजण्याची गरज राहिली नाही.

आमच्या धर्मग्रामातील मुलीवर मुंबईला वर्षाच्या आतच शस्त्रक्रिया झाली. ती आता शाळेत जाते. तिला घरी आणले त्या आठवड्यात मी भेटायला गेलो आणि आजीबाईंना ही सारी हकिकत, जमेल तशी सोपी करून, सांगितली. बिशप असूनही ते हृदयाला स्नायू म्हणत, याचे त्यांना काहीच वाटले नाही. “स्नायूच असणार. थकतं की ते,” एवढेच म्हणाल्या. पहिल्या प्रश्नाचा त्यांनी पुन्हा उच्चार केला नाही. पुष्कळ वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “फादर, तो स्टुलावर उभा राहिलेला माणूस आहे का हयात?”

मी म्हटले, १९८५ साली वारले.

नोव्हेंबर लागायला दोन-तीन दिवस होते. मृतांसाठी मिस्सा देण्याची वही माझ्या पिशवीतच होती. त्यांनी कनवटीचे पैसे काढले आणि यजमानांच्या नावाखाली ते नाव घालायला सांगितले. व्हिव्हियन हा शब्द त्यांना उच्चारता येईना. तुम्हीच लिहा, म्हणाल्या. मी लिहिले.